पांढरी गोळी आणि सहावा आठवडा : डॅप्सोनबद्दल आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य;
सर्व जिल्ह्यांचे सहायक संचालक (कुष्ठरोग), प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र एका गोळीबद्दल आहे. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराच्या, पॅकमधली ती पांढरी, गोल, १०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे डॅप्सोन. कुष्ठरोगावर ती गेली सत्तर-ऐंशी वर्षे वापरात आहे आणि लाखो लोकांचे हातपाय तिने वाचवले आहेत. ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्या एका धोक्याची वेळ जवळपास ठरलेली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या व्यवस्थेत रुग्णाकडे कोणाचे लक्ष नसते. ही फट बुजवायला नवे यंत्र लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. म्हणून हे पत्र.

आधी औषधाची ओळख. डॅप्सोन दोन प्रकारे काम करते. जिवाणूंना फोलेट स्वतः तयार करावे लागते. त्यासाठी लागणारे एन्झाइम हे औषध अडवते, त्यामुळे कुष्ठरोगाच्या जिवाणूची वाढ थांबते. दुसरे काम जंतूंशी संबंधित नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्वचेत घुसून जो दाह करतात, तो डॅप्सोन कमी करते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ ते डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिससारख्या फोडांच्या आजारांत आणि काही प्रकारच्या रक्तवाहिन्यांच्या दाहात देतात. मुरुमांसाठी त्याचे जेलही मिळते. थोडक्यात, हे औषध आज फक्त कुष्ठरोगाच्या कपाटात राहिलेले नाही. पुढे जे लिहिले आहे ते खाजगी दवाखान्यात डॅप्सोन लिहून देणाऱ्यांनाही लागू आहे.

आता मुख्य गोष्ट. डॅप्सोन सुरू केलेल्या शंभर जणांमागे साधारण एक ते दोघांना डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम होतो. ही अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आहे. ताप, अंगभर पुरळ, मानेत-काखेत-जांघेत गाठी, यकृताला सूज आणि कावीळ अशी तिची लक्षणे. जगभरच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात, ज्यांना हा त्रास झाला त्यांतले जवळजवळ दहा टक्के दगावले. ही माहिती नवी नाही. नायजेरियात लो आणि स्मिथ यांनी १९४९ मध्येच सल्फोन औषधांनंतर येणारा ग्रंथिज्वरासारखा ताप आणि सालपटे निघणारा त्वचेचा दाह नोंदवून ठेवला होता.

हा त्रास बहुतेकदा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो. आता आपले वेळापत्रक पाहा. पहिला पॅक पहिल्या दिवशी, दुसरा एकोणतिसाव्या दिवशी, तिसरा सत्तावन्नाव्या दिवशी. दुसरा पॅक घ्यायला आलेला रुग्ण बहुधा ठणठणीत असतो, किंवा फार तर "दोन दिवस कसकस वाटतंय" म्हणतो. पॅक घेऊन तो घरी जातो. तिथून पुढचे दोन आठवडे हेच सर्वांत धोक्याचे, आणि त्याच काळात त्याला कोणी भेटत नाही. तिसऱ्या पॅकच्या दिवशी तो आला नाही, तर रजिस्टरमध्ये 'अनियमित' अशी नोंद पडते. तो अनियमित झालेला नसतो, तालुक्याच्या गावी कुठल्या तरी दवाखान्यात काविळीवर उपचार घेत पडलेला असतो. त्या दवाखान्याला तो कुष्ठरोगाच्या गोळ्या घेतो हे ठाऊक नसते, कारण ते सांगायची त्याला लाज वाटते. कावीळ झालेली असताना पांढरी गोळी मात्र तो रोज रात्री नेमाने घेत असतो. उपचार चुकवू नका असे आपणच त्याला बजावलेले असते.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांची गोष्ट याहून कठीण आहे. त्यांना काही महिन्यांचे पॅक एकदम दिले जातात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर उपचार तुटतो. पण पॅकसोबत धोक्याची खूण सांगणारा एक कागदही जात नाही.

आता एका नियमाबद्दल. तो बरोबर आहे, पण अशा रुग्णाच्या बाबतीत घातक ठरतो. कुष्ठरोगात शरीराच्या प्रतिकारामुळे चट्टे किंवा नसा अचानक सुजतात, त्याला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. कुष्ठरोगाच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते: रिअ‍ॅक्शन आली तरी एमडीटी थांबवायची नाही, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करायचे. हा नियम हाडीमाशी खिळलेला आहे आणि त्याने असंख्य नसा वाचवल्या आहेत. पण उपचार सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने ताप आणि अंगावर पुरळ घेऊन रुग्ण आला, की डोक्यात पहिला शब्द 'रिअ‍ॅक्शन' हाच येतो. मग ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू होते आणि डॅप्सोन चालूच राहते. स्टेरॉइडमुळे ताप आणि पुरळ काही दिवस दबतात, सगळ्यांना हायसे वाटते. आत यकृत मात्र बिघडत राहते. डोस उतरवायला घेतला की तो रुग्ण पिवळा होऊन परत येतो.

म्हणून दोन्हींतला फरक इथे सविस्तर मांडतो. पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये जुने चट्टेच लाल होऊन सुजतात, नस दाबली की दुखते, ताप फारसा नसतो. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे ईएनएल, जिवाणूंचा भार मोठा असलेल्या एमबी रुग्णात येते. तिच्यात ताप असतो, पण त्वचेवर दिसतात त्या लालसर, हात लावला तरी दुखणाऱ्या गाठी. त्या उठतात, बसतात, दुसरीकडे नव्याने उठतात. खाज हे तिचे मुख्य लक्षण नव्हे. डॅप्सोनच्या अ‍ॅलर्जीत बऱ्याचदा आधी काही दिवस नुसता ताप येतो, मग अंगभर खाजणारे पुरळ उठते. ते चट्ट्यांपुरते राहत नाही, ज्या जागी कधी चट्टा नव्हता तिथेही येते. चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवती, सुजतो. मान-काख चाचपली तर गाठी लागतात. पुढे सालपटे निघू लागतात. नसा दुखत नाहीत. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असू शकतात, पण ते वाढलेले नाहीत म्हणून निदान खोडून काढू नये. पीबी रुग्णाला, म्हणजे दोन-चार चट्टेच असलेल्याला, ताप आणि अंगभर पुरळ आले, तर ईएनएलचा विचारच करू नका. ती त्याच्यात येत नाही. तिथे आधी डॅप्सोनवर संशय घ्या.

एमडीटीतल्या क्लोफाझिमिन या दुसऱ्या औषधामुळे त्वचा तांबूस-काळी पडते, हेही लक्षात असू द्यावे. सावळ्या त्वचेवर त्या रंगाखाली फिकट पुरळ आणि सुरुवातीची कावीळ दोन्ही झाकली जातात. रुग्णाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उभे करा. डोळ्यांचा पांढरा भाग, जिभेची खालची बाजू आणि पोट-पाठ पाहा. ट्यूबलाइटच्या उजेडात टेबलापलीकडून पाहून भागत नाही.

पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड. अंगावर पुरळ म्हटले की गोवर किंवा डेंग्यू. तपासण्या जरूर करा. पण डॅप्सोन सुरू होऊन तीन ते बारा आठवडे झालेले असताना आलेला कोणताही ताप, कारण सापडेपर्यंत, डॅप्सोनचा मानावा आणि गोळी त्याच दिवशी थांबवावी. कुष्ठरोग बळावेल अशी भीती इथे नको. महिन्याला एकदा समोर दिली जाणारी ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिनची एकच मात्रा जिवंत जिवाणूंपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक मारते. आठ-पंधरा दिवस डॅप्सोन चुकल्याने कुष्ठरोगाच्या उपचाराचे नुकसान होत नाही. अ‍ॅलर्जीत आठ-पंधरा दिवस डॅप्सोन चालू राहिल्याने माणूस जाऊ शकतो. आमच्या मते हा हिशेब प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवावा.

थांबवायचे म्हणजे नेमके काय, हे सांगतो, कारण इथेच चूक होते. रुग्णाला तोंडी "पांढरी गोळी घेऊ नका" सांगून पॅक परत हातात दिला जातो. घरी गेल्यावर कुठली पांढरी, कुठली तपकिरी हे त्याच्या लक्षात राहत नाही, किंवा घरातले म्हणतात की पूर्ण पॅक संपवायला सांगितलाय. म्हणून पॅक टेबलावर ठेवा आणि २८ च्या २८ पांढऱ्या गोळ्या आपल्या हाताने फोडून काढा. तपकिरी मऊ कॅप्सूल म्हणजे क्लोफाझिमिन, तिला हात लावू नका. रिकाम्या खळग्यांवर मार्करने काट मारा. रुग्णाच्या घरी उरलेला जुना पॅक आशाताईंकडून मागवून घ्या. उपचार कार्डावर लाल शाईने 'डॅप्सोन कायमचे बंद' लिहा. पुन्हा कोणीही, कधीही, कमी मात्रेतही देऊन पाहायचे नाही. एकदा अ‍ॅलर्जी झालेल्याला ही गोळी पुन्हा दिली तर त्रास काही तासांत किंवा दिवसांत उसळतो. याच कारणासाठी नवा रुग्ण नोंदवताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: याआधी कधी या पॅकमधल्या गोळ्या घेतल्या होत्या का, आणि तेव्हा अंगावर काही उठले होते का?

डॅप्सोन गेल्यावर उरलेला उपचार कसा चालवायचा? एमबी रुग्णाला रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ठरल्याप्रमाणे बारा महिने पुरेसे आहेत. नव्या धोरणात पीबी रुग्णालाही सहा महिने तीन औषधे मिळतात, त्यामुळे त्याच्याकडेही दोन उरतात. मात्र कुठे जुना, दोनच औषधांचा पीबी पॅक शिल्लक असेल, तर त्यातून डॅप्सोन काढल्यावर महिन्यातून एकदाची रिफॅम्पिसिन तेवढी राहते. एकट्या रिफॅम्पिसिनवर रुग्ण ठेवणे म्हणजे प्रतिरोधाला आमंत्रण. त्याला क्लोफाझिमिन जोडावेच लागते: प्रौढाला महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम आणि रोज ५० मिलिग्रॅम. यकृत बिघडलेले असेल तर रिफॅम्पिसिनही तपासण्या सुधारेपर्यंत पुढे ढकलायची.

अ‍ॅलर्जीचा संशय आलेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवू नका. त्याला १०८ ने जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा, आणि चिठ्ठीवर डॅप्सोन सुरू केल्याची तारीख ठळक लिहा. ती तारीख नसेल तर पुढच्या डॉक्टरला निदान जुळवता येत नाही. तिथे सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. प्रेडनिसोलोन साधारण किलोमागे रोज १ मिलिग्रॅम या हिशेबाने सुरू होते. मधुमेह, क्षय आणि पोटातले जंत आधी पाहून घेतले जातात. रिअ‍ॅक्शनचा ठरलेला ४० मिलिग्रॅमचा तक्ता इथे चालवू नये. स्टेरॉइड घाईने उतरवूही नये. डॅप्सोन प्रथिनांना चिकटून राहते आणि पित्तातून आतड्यात जाऊन पुन्हा रक्तात येते, म्हणून गोळी थांबवल्यावरही ते महिनाभर शरीरात राहू शकते. घाईने डोस कमी केला की ताप परत येतो. डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनी थायरॉइडची तपासणी करावी. या अ‍ॅलर्जीनंतर काही जणांचा थायरॉइड मंदावतो.

ही अ‍ॅलर्जी कोणाला होईल हे आधी ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी एचएलए-बी*१३:०१ या जनुकप्रकाराशी तिचा घट्ट संबंध दाखवला. पुढे तिथे हा प्रकार नसलेल्यांनाच डॅप्सोन दिले, तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही हा सिंड्रोम झाला नाही. भारतीयांमध्ये हा जनुकप्रकार समूहागणिक कमी-अधिक आढळतो, तेव्हा प्रश्न आपलाही आहे. ही तपासणी उद्या प्रत्येक आरोग्य केंद्रात होणार नाही हे आम्ही जाणतो. पण राज्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती सुरू करून आजूबाजूच्या दोन-तीन जिल्ह्यांचे नमुने तिथे पाठवणे जमण्यासारखे आहे. आणि ज्या खाजगी रुग्णाला मुरुम किंवा अंगावर उठणारे जुनाट पित्त यासाठी डॅप्सोन द्यायचे आहे, जिथे दुसरी औषधे हाताशी आहेत, तिथे तर ही तपासणी न करता गोळी लिहिण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

दुसरा धोका रक्ताचा. तो अ‍ॅलर्जीसारखा अचानक येत नाही, मात्रेनुसार वाढतो. यकृतात डॅप्सोनपासून हायड्रॉक्सिलअमिन तयार होते आणि ते लाल पेशींना जाळते. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या बहुतेकांचे हिमोग्लोबिन पहिल्या काही आठवड्यांत एक-दोन ग्रॅमने उतरते. तेराचे अकरा झाले तर रुग्णाला जाणवतही नाही. पण आपल्या अनेक रुग्णांचे मुळातच साडेआठ-नऊ असते. आदिवासी पाड्यातली दोन-तीन बाळंतपणे झालेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिचे नऊचे सात झाले की जिना चढताना धाप लागते, आणि तिला वाटते की गोळ्या उष्ण पडल्या. ती गोळ्या सोडून देते.

ज्यांच्या लाल पेशींत जी६पीडी हे एन्झाइम कमी आहे त्यांच्यात ही घसरण मोठी आणि झटपट होते. हा दोष आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याच्या एका प्रकाराचे नावच 'केरळ-कल्याण' आहे, यातले कल्याण म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातले. मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये 'ओरिसा' प्रकार सापडतो. पारशी समाजातही हा दोष बराच आहे. दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत जास्त दिसतो. याकडे काणाडोळा केल्यावर काय होते, हे आफ्रिकेत दिसले. डॅप्सोन असलेली मलेरियाची एक जोडगोळी २००३ च्या सुमारास तिथे आली आणि जी६पीडी कमी असलेल्यांत रक्त फुटू लागल्याने, म्हणजे लाल पेशी फुटू लागल्याने, २००८ मध्ये कंपनीला ती मागे घ्यावी लागली.

गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात एक साधा प्रश्न तपासणीइतका उपयोगी पडतो: मलेरियाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या, म्हणजे प्रायमाक्विन, घेताना कधी लघवी काळी झाली होती का? तिच्यामुळे रक्त फुटण्याचे मूळ याच एन्झाइमची कमतरता आहे. उत्तर हो आले तर जी६पीडी तपासल्याशिवाय डॅप्सोन देऊ नका. डॅप्सोन चालू असताना प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर तोवर डॅप्सोन थांबवा. दोन्ही मिळून एकाच पेशीवर घाव घालतात. आणि रक्त फुटत असताना केलेली जी६पीडी तपासणी फसवी असते. जुन्या, दोष असलेल्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते, म्हणून अहवाल 'नॉर्मल' येतो. अशा रुग्णाची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सिकलसेलचा रुग्ण असेल तर डॅप्सोन सुरू करण्याआधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

लघवीच्या रंगाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पहिल्या दिवशी रिफॅम्पिसिन देताना आपण सांगतो, "लघवी लाल होईल, घाबरायचं नाही." सांगायलाच हवे. पण रुग्ण ते वाक्य कायमचे धरून बसतो. सहाव्या आठवड्यात रक्त फुटल्याने किंवा काविळीने लघवी गडद झाली तरी तो घाबरत नाही, कारण आपणच तसे सांगितले होते. म्हणून वाक्य पूर्ण करा: केशरी-लाल लघवी महिन्याच्या गोळ्या घेतलेल्या दिवशी होते आणि एक-दोन दिवसांत साफ होते. इतर कुठल्याही दिवशी काळ्या चहासारखी लघवी झाली तर गोळ्यांचा पॅक सोबत घेऊन लगेच दवाखान्यात या.

हिमोग्लोबिन किमान चार वेळा पाहावे: सुरू करण्याआधी, आणि दुसरा, तिसरा, चौथा पॅक देताना. सुरुवातीलाच सातच्या खाली असेल तर आधी रक्तक्षयावर उपचार करावेत, तोवर डॅप्सोनविना बाकीची औषधे द्यावीत. दोन ग्रॅमहून जास्त उतरले, किंवा धाप, छातीत धडधड, डोळे पिवळे असे काही असले, तर डॅप्सोन थांबवून पुढे पाठवावे. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या वाढवून उपयोग होत नाही, कारण लोह कमी पडलेले नाही, पेशी फुटत आहेत. खाजगीत दीर्घकाळ डॅप्सोन देणाऱ्यांनी सीबीसी पहिला महिना दर आठवड्याला, पुढे सहा महिने दर महिन्याला आणि नंतर सहामाही करावी. सुरुवातीच्या तीन महिन्यांत ताप आणि घसा फार दुखत असेल तर पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजा. क्वचित त्या पार तळाला जातात.

मधुमेही रुग्णासाठी एक सूचना, जी बहुतेकांच्या ध्यानात नसते. डॅप्सोनमुळे लाल पेशींचे आयुष्य घटते, त्यामुळे एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) खोटे कमी येते. साखर अडीचशे असताना एचबीए१सी साडेपाच पाहून कोणी औषध कमी केले, तर पायाची जखम चिघळेल, आणि कुष्ठरोगात ते पाऊल आधीच बधिर असते. डॅप्सोन चालू असेपर्यंत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर यांवरच विसंबावे.

रक्ताचाच आणखी एक प्रकार म्हणजे मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारे हिमोग्लोबिन. ओठ आणि नखे निळसर-करडी दिसतात, पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो, ऑक्सिजन लावला तरी आकडा हलत नाही, आणि माणूस मात्र त्या आकड्याच्या मानाने बरा दिसतो. त्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर ठेवा, शेजारी आपल्या रक्ताचा थेंब ठेवा. हवा लागल्यावर आपला लाल होतो, त्याचा चॉकलेटी तो चॉकलेटीच राहतो. सौम्य असेल तर गोळी थांबवणे पुरते. धाप, गुंगी असेल तर मिथिलीन ब्लू किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, पाच मिनिटांत. पण जी६पीडी कमी असेल तर ते देऊ नये, त्याने रक्त अधिक फुटते. डॅप्सोन शरीरात रेंगाळते, म्हणून एकदा रंग सुधारला तरी पुढचे एक-दोन दिवस नजर ठेवावी लागते. हे सर्वांत गंभीर रूपात दिसते ते घरातल्या लहान मुलाने पॅकमधल्या गोळ्या खाल्ल्या की. पॅक फडताळात, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवायला सांगा. मुलाने खाल्ल्या असतील तर रिकामा पॅक सोबत आणायला सांगा, किती गोळ्या गेल्या ते मोजता येते. अशा मुलाला रुग्णालयात अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत एमडीटी थांबवू नये, हे जाताजाता नमूद करतो. त्यांचे हिमोग्लोबिन अधिक काळजीने पाहायचे, एवढेच.

विभागाकडे आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. डॅप्सोन सुरू झाल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाला आशाताईंची भेट किंवा निदान एक फोन व्हावा. त्यात चारच प्रश्न: ताप आहे का, अंगाला खाज किंवा पुरळ आहे का, डोळे पिवळे आहेत का, लघवी काळी होते का. आशाताईंचा मोबदला सध्या रुग्ण शोधणे आणि उपचार पूर्ण करणे या दोन टोकांशी जोडलेला आहे. या मधल्या भेटीलाही मोबदला ठेवा, तरच ती होईल. स्थलांतरित मजुराला अनेक पॅक एकदम देताना त्याचा मोबाइल क्रमांक उपचार कार्डावर असल्याशिवाय पॅक देऊ नयेत, आणि बेचाळिसाव्या दिवशीचा फोन त्याच्या मूळ गावच्या केंद्रानेच करावा. रिअ‍ॅक्शनच्या प्रशिक्षणात 'एमडीटी थांबवू नका' या वाक्यानंतर 'पण आधी डॅप्सोनची अ‍ॅलर्जी नाही ना ते पाहा' हे वाक्य छापील साहित्यात जोडावे. 'अनियमित' अशी नोंद करण्याआधी रुग्णाच्या घरी जाऊन तो आजारी तर नाही ना याची खात्री करावी. आणि प्रत्येक संशयित अ‍ॅलर्जीची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे जावी. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातही फॉर्म भरून देता येतो. पॅकचा बॅच क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख लिहायला विसरू नका. या नोंदी पाठवल्याच नाहीत, तर आपल्या राज्यात किती जणांना हे होते ते कधीच कळणार नाही.

पॅकच्या मागे चिकटवण्यासाठी मजकूर आम्हीच लिहून देत आहोत. तो मराठीसोबत गोंडी, कोरकू आणि भिलीतही करून घ्यावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी चित्रे असावीत:

"या गोळ्या बहुतेकांना सोसतात. पण पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, अंगाला खाज सुटून पुरळ उठले, तोंड सुजले, डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी झाली, ओठ निळे पडले किंवा चालताना धाप लागू लागली, तर पांढरी गोळी त्याच दिवशी थांबवा. तपकिरी गोळी घेत राहा. हा पॅक सोबत घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तरी हा पॅक त्यांना दाखवा. गोळी सुरू केल्याची तारीख: ________ सहाव्या आठवड्याची तारीख: ________ दवाखान्याचा फोन: ________"

कळावे,

आपले,
कुष्ठरोग, त्वचारोग आणि औषधशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे सहकारी